शिवाजी गणेशन यांचा अभिनय ‘नाटकी’ होता का?



एखाद्या नटाला नावे ठेवायची असली की मराठीत दोन शब्द लगेच तोंडी येतात: ‘नाटकी’ आणि ‘भडक’. उलट कौतुक करायचे असेल तर आपण ‘सहज’ किंवा ‘स्वाभाविक’ म्हणतो. या टिपणात हे शब्द आपण एका नटावर तपासून पाहणार आहोत. नट तमिळ आहे, पण त्याच्या नावात छत्रपती शिवाजी महाराज आहेत. मी कुंभकोणमला अभियांत्रिकी शिकवतो. इथल्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर शिवाजी गणेशन यांचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरत असतात. थरथरणारे ओठ, मोठे डोळे आणि लांबलचक संवाद पाहून मुले हसतात. त्या हसण्यात काही तथ्य आहे का, हे या टिपणात ठरवायचे आहे.

1. नाव कुठून आले

विळुप्पुरम चिन्नैया गणेशन यांचा जन्म 1 ऑक्टोबर 1928 रोजी विळुप्पुरम येथे झाला. मूळ गाव तंजावर जिल्ह्यातले सूरक्कोट्टै. लहानपणीच ते घर सोडून नाटक कंपनीत गेले.

1940 च्या दशकाच्या मध्यात सी. एन. अण्णादुराई यांनी शिवाजी महाराजांवर एक तमिळ नाटक लिहिले. महाराष्ट्रातल्या वाचकाला गड, स्वाऱ्या, अफझलखानाचा वध असे प्रसंग अपेक्षित असतील. या नाटकाचा गाभा मात्र राज्याभिषेक हा आहे. पराक्रमाने राज्य उभे करणाऱ्या माणसाला मुकुट घालण्याचा अधिकार आहे की नाही, हे जन्मावरून ठरवणारे लोक कोण, असा त्याचा प्रश्न होता. नाटक द्रविड चळवळीच्या व्यासपीठावरचे होते, म्हणून त्यातला वाद तत्कालीन तमिळ समाजाशीच होता. गागाभट्टांची भूमिका स्वतः अण्णादुराईंनी केली.

शिवाजीच्या भूमिकेसाठी आधी एम. जी. रामचंद्रन, म्हणजे एमजीआर, यांचे नाव ठरले होते. त्यांनी ती सोडली आणि ऐनवेळी ती तरुण गणेशन यांच्याकडे आली. त्यांनी लांबलचक संहिता फार थोड्या वेळात पाठ केली, असे सांगतात. प्रयोग पाहून पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचे चिकटले.

या घटनेत कुंभकोणमचाही वाटा आहे. भूमिका सोडणारे एमजीआर लहानपणी याच गावात वाढले. सिलोनमध्ये 1917 साली जन्म, वडील लवकर गेले, आई सत्यभामा दोन मुलांना घेऊन कुंभकोणमला आली. इथल्या आनैयडी शाळेत ते शिकले आणि गरिबीमुळे इथूनच नाटक कंपनीत गेले. इथून चाळीस किलोमीटरवर तंजावर आहे. तिथे व्यंकोजीराजांच्या वंशाने 1855 पर्यंत राज्य केले. विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ 1843 साली सांगलीला झाले, त्याच्या बऱ्याच आधी तंजावरच्या राजांनी मराठीत नाटके लिहिली होती. गणेशन यांना मात्र हे नाव वंशाने किंवा भाषेने मिळालेले नाही. ते त्यांना एका भूमिकेने दिले. पुढचा सगळा युक्तिवाद याच गोष्टीवर उभा आहे, म्हणून ती लक्षात ठेवा.

2. नाटक कंपनी काय शिकवत असे

त्या काळी तमिळ प्रदेशात ‘बॉइज कंपन्या’ होत्या. गरीब घरातली सात-आठ वर्षांची मुले कंपनीत येत. राहणे, जेवण आणि शिक्षण कंपनीकडे. मुलांनी गाणे, पदन्यास, तलवार-काठी, पाठांतर सगळे शिकायचे. स्त्रियांच्या भूमिकाही मुलेच करत. गणेशन यांनी सुरुवातीला सीता केली. मराठी वाचकाला आपल्या संगीत नाटक मंडळ्या आणि बालगंधर्व आठवतील. तुलना योग्य आहे, पण एक फरक ध्यानात घ्या. बालगंधर्वांची ओळख स्त्री-भूमिकांनीच घडली. बॉइज कंपनीतल्या मुलाला आज सीता, उद्या राक्षस आणि परवा विदूषक करावा लागे.

आता तांत्रिक बाजू. नाटकगृह मोठे, प्रेक्षक शेकड्यांनी, ध्वनिक्षेपकाचा भरवसा नाही. शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाने पूर्ण तिकीट नसेल, पण पैसे दिले आहेत. त्याला शब्द ऐकू यायला हवा आणि चेहऱ्यावरचा भाव कळायला हवा. म्हणून उच्चार स्पष्ट, हालचाल मोठी आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली न पडू देणे ही शिस्त. अभियांत्रिकीच्या भाषेत, हा संदेश लांब अंतरासाठी वाढवलेला आहे. कॅमेरा आणि मायक्रोफोन तोच संदेश दोन फुटांवरून पकडतात. मग तो फाटल्यासारखा वाटतो.

‘नाटकी’ हा शब्द आपण वापरतो तेव्हा बहुधा एवढेच म्हणत असतो की अंतर बदलले आणि नटाने आवाज, हालचाल, भाव यांची पातळी बदलली नाही. ही तक्रार रास्त आहे. पण ती सिद्ध करायची तर नट अंतर ओळखत नव्हता हे दाखवावे लागेल. एका प्रसंगाचा तुकडा पाहून ते दाखवता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या भूमिका शेजारी ठेवाव्या लागतात.

3. चार चित्रपट

पहिला ‘पराशक्ती’, 1952 च्या दिवाळीत आलेला. दिग्दर्शक कृष्णन-पंजू, संवाद मु. करुणानिधी यांचे. गणेशन यांचा हा पहिलाच चित्रपट. नवा मुलगा फार बारीक आहे, नको, असे स्टुडिओत म्हटले जात होते. निर्माते पी. ए. पेरुमाळ हटले नाहीत. युद्धकाळात रंगूनहून परतलेला गुणशेखरन सगळे गमावून बसतो आणि शेवटी न्यायालयात स्वतःची बाजू मांडतो. तो प्रसंग म्हणजे सरळ भाषण आहे. माणूस न्यायाधीशाशी असे बोलत नाही, हे खरे. पण संवाद अनुप्रासांनी भरलेले आणि सभेसाठी लिहिलेले आहेत. ते कुजबुजून म्हटले असते तर हास्यास्पद झाले असते. संहितेने मागितले तेच नटाने दिले. लोकांनी हे संवाद पाठ केले आणि नवे नट निवडीच्या वेळी तेच म्हणून दाखवू लागले. इथे ‘भडक’ म्हणायचेच असेल तर लेखनाला म्हणा.

दुसरा ‘अंद नाळ’, म्हणजे ‘तो दिवस’, 1954. वीणावादक म्हणून प्रसिद्ध असलेले एस. बालचंदर दिग्दर्शक. चित्रपटात एकही गाणे नाही. तमिळमध्ये तोवर असे झाले नव्हते. नायक राजन हा रेडिओ अभियंता आहे. पहिल्याच प्रसंगात त्याचा खून होतो आणि मग एकेक साक्षीदार आपल्या परीने त्याची कहाणी सांगतो. हा माणूस युद्धात शत्रूला माहिती विकणारा आहे. गणेशन इथे आवाज चढवत नाहीत. राजन हुशार, कडवट आणि थंड आहे. ‘पराशक्ती’नंतर जेमतेम दोन वर्षांनी, नाव नुकतेच झालेल्या नटाने देशद्रोह्याची भूमिका घेतली आणि ती खालच्या पट्टीत केली. अंतर न ओळखणाऱ्या नटाला हे जमले नसते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा. बुद्धीची कदर न झालेला तंत्रज्ञ कुठवर घसरू शकतो, हा त्यातला प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

तिसरा ‘तिल्लाना मोहनांबाळ’, 1968. कोत्तमंगलम सुब्बू यांच्या कादंबरीवर ए. पी. नागराजन यांनी केलेला. नायक षण्मुखसुंदरम नादस्वर वाजवतो, नायिका मोहना नाचते. ही भूमिका पद्मिनी यांची. पडद्यामागे नादस्वर वाजवले आहे मदुरैचे सेतुरामन आणि पोन्नुसामी या भावांनी. हे वाद्य आमच्या शेजारचे आहे. कुंभकोणमजवळच्या नरसिंगमपेट्टै गावात ते आजही बनते. इथल्या लग्नात आणि देवळात ते रोज कानावर पडते, त्यामुळे खोटे वाजवणारा चटकन ओळखू येतो. गणेशन यांचे फुगणारे गाल, श्वास भरायची जागा, बोटांची उघडझाप आणि सूर लांबवताना ताणलेली मान पाहा. शिवाय कलावंताचा ताठा पाहा. आपले वाजवणे चालू असताना कोणी बोलले तर त्याच्या कपाळावर आठी येते. हा सगळा अभिनय जवळून टिपलेला आहे आणि कुठेही फाटत नाही.

चौथा ‘मुदल मरियादै’, 1985, दिग्दर्शक भारतीराजा. गणेशन तेव्हा सत्तावन्नच्या आसपास होते. गावातला मानाचा म्हातारा माणूस, घरात सुख नाही, आणि होडी चालवणाऱ्या तरुण स्त्रीशी जुळलेले अबोल नाते. गावाच्या मर्यादेमुळे त्या नात्याला नाव देता येत नाही. भारतीराजांनी त्यांच्याकडून जवळजवळ काहीच न करण्याची अपेक्षा ठेवली आणि त्यांनी ती पुरी केली. चालताना खांद्यावरचे उपरणे सावरणे, हसू दाबणे, नजर वळवणे, एवढ्यावर भूमिका उभी आहे.

चारही एकत्र ठेवले की उत्तर दिसू लागते. आवाजाची आणि हालचालीची पातळी या नटाच्या हातात होती. काय मागितले आहे ते पाहून तो ती वर-खाली करत असे.

4. जर्मनीतले एक उदाहरण

हा प्रश्न फक्त तमिळ चित्रपटाचा नाही. जर्मन नट एमिल यानिंग्स (1884–1950) यांच्याकडे पाहा. तेही रंगभूमीवरूनच पडद्यावर आले. माक्स राइनहार्ट यांच्या नाटकांत काम करून ते मूकपटांत गेले. 1924 साली मुर्नाउ यांच्या ‘शेवटचा माणूस’ या चित्रपटात त्यांनी हॉटेलच्या दरवानाचे काम केले. झोकदार गणवेश काढून घेतला जातो आणि ताठ चालणारा माणूस वाकतो. चित्रपटात मजकुराच्या पाट्याही जवळजवळ नाहीत, म्हणून पाठ, खांदे आणि पावले यांनीच बोलायचे. अभिनय मोठा आहे, कारण शब्द नाहीत. 1929 मध्ये ऑस्कर पारितोषिके प्रथम दिली गेली तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक त्यांनाच मिळाले. बोलपट आल्यावर जड जर्मन उच्चारांमुळे हॉलिवूडमधले त्यांचे काम संपले. पुढे मायदेशी नाझी राजवटीच्या प्रचारपटांत त्यांनी कामे केली आणि युद्धानंतर त्यांची कारकीर्द थांबली.

या उदाहरणातून दोन गोष्टी घ्या. पहिली, अभिनय किती मोठा हवा हे माध्यमाच्या गरजेवर ठरते. यानिंग्स यांच्याकडे भाषा नव्हती म्हणून शरीर मोठे झाले. गणेशन यांच्या हाती करुणानिधींसारख्यांची भाषा होती म्हणून आवाज मोठा झाला. दुसरी, उत्तम नट असणे आणि सार्वजनिक जीवनात योग्य निर्णय घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नटाची समीक्षा करताना त्या मिसळू नयेत आणि लपवूही नयेत.

5. आक्षेप कुठे खरा ठरतो

आतापर्यंत मी बचावाची बाजू मांडली. आता आकडे पाहा. ‘पराशक्ती’ 1952 चा. ‘नवरात्री’ हा शंभरावा चित्रपट 1964 चा, त्यात त्यांनी नऊ भूमिका केल्या. ‘त्रिशूलम’ हा दोनशेवा 1979 चा. म्हणजे पहिल्या बारा वर्षांत शंभर, वर्षाला आठांहून जास्त. पुढच्या पंधरा वर्षांत आणखी शंभर, वर्षाला साधारण सात. या वेगाने काम करणारा कोणताही माणूस स्वतःचीच नक्कल करू लागतो. सत्तरच्या दशकातले त्यांचे बरेच चित्रपट तसेच आहेत. तेच रडणे, तेच गुडघ्यावर बसणे, मुलीच्या वयाच्या नायिका आणि ‘आता शिवाजी काय करून दाखवतो’ एवढ्याचसाठी लिहिलेले प्रसंग. इथे नट भूमिकेसाठी उरला नाही, भूमिका नटासाठी झाली. अशा ठिकाणी ‘भडक’ हा शब्द योग्य आहे आणि तो वापरायला कचरू नये.

पण याच काळात दर्जेदार कामही आहे, म्हणून सरसकट निकाल देता येत नाही. ‘कर्णन’ हा 1964 चा चित्रपट 2012 मध्ये नव्याने दुरुस्त करून चित्रपटगृहांत लावला गेला आणि तो चांगला चालला. तो पाहायला आलेल्या तरुणांनी मोबाइलवरच्या तुकड्यांवर हसणारी मुलेही पाहिली असतील. मोठ्या पडद्यावर आणि पूर्ण लांबीत तोच आवाज वेगळा लागतो. तुकडा पाहताना आपण पुन्हा एकदा अंतर बदलतो, आणि या वेळी दोष नटाचा नसतो.

6. दोन नट, दोन वाटा

आता कुंभकोणमच्या मुलाकडे परत येऊ. एमजीआर आणि गणेशन दोघेही बॉइज कंपनीत घडले. प्रमुख भूमिकांत दोघे एकत्र आले ते एकाच चित्रपटात, 1954 च्या ‘कूंडुक्किळी’त. त्यात एमजीआर सज्जन मित्र आहेत. गणेशन त्या मित्राच्या बायकोवर नजर ठेवणारे. चित्रपट चालला नाही, पण समीक्षकाला त्यात सगळे सापडते. एकाने आपली चांगली प्रतिमा जपली, दुसऱ्याने वाईट माणूस करायला घेतला.

एमजीआर यांनी पुढे पडद्यावर एकच माणूस पुन्हा पुन्हा उभा केला. गरिबांचा कैवारी, आईचा भक्त, दारूपासून दूर राहणारा. कधी तो शेतकरी, कधी कोळी, कधी रिक्षावाला असे, पण आतला माणूस तोच. चाहते त्यांना ‘वाद्यार’, म्हणजे गुरुजी, म्हणत. एम. एस. एस. पांडियन यांनी ‘द इमेज ट्रॅप’ या 1992 च्या पुस्तकात या प्रतिमेची आणि राजकारणाची सांगड तपशिलाने दाखवली आहे. एमजीआर यांनी 1972 मध्ये स्वतःचा पक्ष काढला. 1977 मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर 1987 मध्ये मृत्यूपर्यंत त्या पदावर होते. उत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांना ‘रिक्षाकारन’साठी मिळाला. गणेशन यांना तो कधीच मिळाला नाही. कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात 1960 साली ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’साठी उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक, फ्रान्सचा शेव्हालिए सन्मान, दादासाहेब फाळके पुरस्कार हे सर्व त्यांच्या वाट्याला आले. हा एक मात्र नाही.

गणेशनही राजकारणात होते. द्रविड चळवळीतून ते काँग्रेसमध्ये, कामराजांच्या बाजूला गेले. एमजीआर गेल्यावर त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि 1989 ची विधानसभा निवडणूक तिरुवैयारूहून लढवली. हा मतदारसंघ तंजावर जिल्ह्यातला, म्हणजे त्यांच्या मूळ गावाचा जिल्हा. लोकांनी त्यांना ओळखले नाही असे होणे शक्य नव्हते. तरी ते द्रमुकच्या उमेदवाराकडून हरले.

या पराभवाला राजकीय कारणे होती: फुटलेली मते, नवा पक्ष, चुकीची युती. ती मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ज्याने कट्टबोम्मन, कर्ण, देशद्रोही अभियंता, नादस्वरवादक आणि गावचा म्हातारा केला, त्याचे स्वतःचे रूप कोणते? मतदाराला मत द्यायला एक ठरलेला माणूस लागतो. एमजीआर यांनी तो वर्षानुवर्षे घडवून ठेवला होता. गणेशन यांनी दर वेळी तो मोडला. राजकारणात जी उणीव ठरली, ती नट म्हणून त्यांची कमाई होती, असे मला वाटते.

आणि म्हणून त्यांचे नाव महत्त्वाचे. महाराष्ट्रात ‘शिवाजी’ ही भूमिका करणारा नट त्या प्रतिमेपुढे वाकून उभा राहतो. भालजी पेंढारकरांच्या 1952 च्या ‘छत्रपती शिवाजी’त चंद्रकांत मांडरे यांनी ती केली आणि पुढेही लोक त्यांच्याकडे त्याच आदराने पाहत राहिले. तमिळ प्रदेशात हे नाव मिळालेल्या नटाने मात्र त्याचा मुखवटा केला नाही. 1973 च्या तेलुगू ‘भक्त तुकाराम’मध्ये ते छत्रपती शिवाजी म्हणून थोडा वेळ दिसतात. तुकोबा आहेत अक्किनेनी नागेश्वर राव. मराठी विद्यार्थ्याने तो भाग पाहावा. ज्या भूमिकेने नाव दिले तिच्याकडे पाव शतकानंतर परतलेला नट तिथे संताच्या पुढे राजाला लहान करून उभा आहे.

7. निष्कर्ष आणि स्वाध्याय

गणेशन यांचे 21 जुलै 2001 रोजी चेन्नईत निधन झाले. ‘त्यांचा अभिनय नाटकी होता का’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे: तो नाटकातून आला होता, आणि जिथे चित्रपटाने नाटक मागितले तिथे त्यांनी नाटक दिले. जिथे मागितले नाही तिथेही दिले, अशा जागा आहेत आणि त्या बहुतेक उत्तरार्धात आहेत. पण ‘अंद नाळ’ आणि ‘मुदल मरियादै’ करणाऱ्या नटाला पातळी कळत नव्हती असे म्हणता येणार नाही.

हे उत्तर तसेच मान्य करू नका. ‘पराशक्ती’तला न्यायालयाचा प्रसंग आणि ‘मुदल मरियादै’तला कोणताही दहा मिनिटांचा प्रसंग एकामागून एक, आधी आवाज बंद करून आणि मग चालू करून पाहा. तमिळ येत नसेल तरी चालेल. मग तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. हा प्रसंग किती अंतरावरच्या प्रेक्षकासाठी केला आहे? संहिता नटाकडून काय मागते आहे? आणि नटाने मागितल्यापेक्षा जास्त कुठे दिले, कमी कुठे दिले? हेच प्रश्न तुमच्या आवडीच्या मराठी किंवा हिंदी नटालाही लावा. एवढे केल्यावर ‘भडक’ हा शब्द वापरावासा वाटला तर जरूर वापरा. मग त्याच्या मागे कारण असेल.